श्री दुसऱ्या ओळीत

महाजन सर कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना उंबऱ्याबाहेर चपला काढायचे. त्यांचं बघून बाकीच्यांनाही काढाव्या लागायच्या. एकदा मी त्यांना म्हटलं, "सर, सर्व्हर तर इंदूरला आहे. इथे चपला कायले काढायच्या?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आपण तिकडंच चाललोय ना, ताई." कारण म्हणून एवढंच. तेही मिळालं हे माझं नशीब, कारण महाजन सर नियम सांगायचे, कारणं सांगायचे नाहीत.

आमची केळीच्या रोपांची नर्सरी आहे. प्रयोगशाळेतून आलेली बोटभर रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि ज्याने आगाऊ बुकिंग केलंय त्याच्या शेतावर ठरल्या दिवशी पोचवायची. नर्सरी फोपनारच्या रस्त्याला आणि ऑफिस बुऱ्हाणपुरात, पॉवरलूमच्या मोहल्ल्याला चिकटून. गाड्या कोणत्या गावाला कधी जाणार हे माझं काम. शेतकऱ्याने सऱ्या पाडून, ठिबक टाकून जमीन तयार ठेवलेली असते. रोपं दोन-चार दिवस इकडेतिकडे झाली की तो फोनवर आमच्या आईबापांची चौकशी करतो. सगळी बुकिंगं इंदूरच्या सर्व्हरवर होती आणि तो सर्व्हर म्हणजे महाजन सरांचं राज्य.

सर आधी पॉलिटेक्निकला शिकवत. तिथून निवृत्त झाल्यावर शेठजींनी त्यांना आमच्याकडे आणलं. उंच, सडसडीत, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पेनांचा उपयोग मी कधी बघितला नाही. आपल्याला खूप येतं हे त्यांना चांगलंच माहीत होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटायची नाही. नव्या माणसाशी ओळख करून देताना ते स्वतःच सांगायचे, "या जिल्ह्यात हे काम माझ्यासारखं कोणी करत नाही." ते खरं असल्यामुळे जास्त राग यायचा.

दूरच्या मशीनवर कामं करून घ्यायला सर स्क्रिप्ट लिहायचे. स्क्रिप्ट म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या आज्ञा: अमुक उघड, तमुक पूस, इथून घे, तिथे भर. आपण इथून सांगायचं आणि इंदूरच्या मशीनने निमूट करायचं. पण सरांच्या मते हे परक्याच्या घरात शिरण्यासारखं होतं, आणि त्याचे रिवाज त्यांनी ठरवले होते. आत गेल्यावर पहिल्यांदा विचारायचं, आपण कुठे आहोत? मशीन आपलं नाव सांगतं, ते मोठ्याने वाचायचं, मगच पुढचं बोलायचं. काही पुसायचं असेल तर आधी तेवढंच काढून डोळ्यांनी बघायचं, मग पुसायचं. एंटर दाबण्याआधी आज्ञा पहिल्या अक्षरापासून मोठ्याने म्हणायची. सर म्हणताना उजव्या हाताचं बोट वर धरायचे आणि म्हणून झाल्यावर ते बोट थेट एंटरवर यायचं. निघताना दार लावून निघायचं, म्हणजे बाहेर पडल्याची आज्ञा देऊन. खिडकी नुसती बंद केलेली त्यांना चालायची नाही.

"चालत नाही" हे वाक्य त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. ते शांतपणे विचारायचे, "काय म्हणतंय?" आपण सांगायला लागलो की मला वाटतं असं असं झालंय, तर हात वर करून थांबवायचे. "तुमचं वाटणं नका सांगू. ते काय म्हणतंय ते सांगा. लिहून आलेलं असतं, वाचत नाही कोणी." आणि खरंच पडद्यावर लिहून आलेलं असायचं आणि आम्ही वाचलेलं नसायचं.

ही सवय ऑफिसात ठेवून ते घरी जायचे असं नाही. शनवारा गेटपाशी एकदा आमची ऑटो बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, "बंद हो गई, साहब." सरांनी मागच्या सीटवरून विचारलं, बंद होण्यापूर्वी काय आवाज आला, पहिल्यांदा आला की काल पण आला होता, कालपासून आजपर्यंत गाडीत काय बदललं. ड्रायव्हर बिचारा आधी चिडला, मग आठवायला लागला, आणि सकाळी कोणा भावाने टाकीत काय भरलं ते त्याला आठवलं. गाडी काही सुरू झाली नाही. आम्ही चालतच ऑफिसला आलो. पण सर खुशीत होते, कारण सापडलं होतं.

आमच्याकडे लाइट गेली हे लूम थांबल्यावर कळतं. दिवसभर भिंतीपलीकडे खटखट चालू असते, ती कानाला ऐकूही येत नाही. ती अचानक थांबली की सर चुलीवरून हात काढावा तसे दोन्ही हात कीबोर्डवरून वर घ्यायचे. कारण लाइट गेली की इंटरनेट जायचं आणि इंदूरशी चाललेलं बोलणं मध्येच तुटायचं. त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा असं झालं होतं. गाड्यांच्या तारखा बदलायचं काम अर्ध्यावर असताना लाइट गेली, आणि निम्म्या गावांना नवी तारीख, निम्म्यांना जुनी. एका दिवशी दोन गाड्या एकाच शेतात उभ्या राहिल्या. तेव्हापासून सरांनी नियम केला की काम होईल तर सगळं होईल, नाहीतर अजिबात होणार नाही. मध्येच तुटलं तर मशीनने झालेलं सगळं परत फिरवायचं आणि आधी होतं तसं करून ठेवायचं.

हा नियम त्यांनी असीरगढच्या सहलीलाही लावला. किल्ल्यावर जायला गाडी सांगितली होती, सगळे डबे घेऊन तयार, आणि आमच्याबरोबर सहलीला यायचा तो शेठजींचा ड्रायव्हर आलेला नाही. फोन उचलेना. सर म्हणाले, जाऊ तर सगळे जाऊ. आम्ही गाडीत बसून डबे खाल्ले आणि घरी गेलो. ड्रायव्हर सासुरवाडीला गेला होता. पुढे कितीतरी दिवस सहलीचा विषय निघाला की सरांसमोर कोणी बोलायचं नाही, सगळे फक्त डबा उघडल्यासारखं करायचे.

आणि एक सवय म्हणजे श्री. सरांच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये श्री असायचं, दुसऱ्या ओळीत. मशीनने ती ओळ वाचू नये अशी खूण तिच्यापुढे करून ठेवलेली. सर देवळात जाताना मी कधी बघितले नाहीत, पण वडिलांनी पाटीवर आधी श्री काढायला शिकवलं होतं, ते सुटलं नव्हतं. हाताखालच्यांनाही तोच नियम होता. श्रीशिवाय फाइल सुरू करायची नाही. का, विचारायचं नाही.

हाताखाली होती वैशाली. फोपनारची मुलगी, रोज सकाळच्या बसने यायची. बीएस्सी झालेली, बाहेरून एमएस्सी करत होती. घरच्यांनी सांगून ठेवलं होतं की नोकरी आहे तोवर शिक, नोकरी सुटली की रावेरचं स्थळ बघून ठेवलंय. हे तिने मला डबा खाताना एकदाच सांगितलं आणि परत तो विषय काढला नाही. सर तिच्यावर खेकसायचे जास्त आणि शिकवायचे त्याहून जास्त. ती मान खाली घालून ऐकायची, आज्ञा मोठ्याने म्हणायची, बोटसुद्धा सरांसारखंच वर धरायची. आम्ही हसायचो. ती हसायची नाही.

तर एका सकाळी मी ऑफिसला आले, गाड्यांसाठी बुकिंग उघडलं, आणि बुकिंग नव्हतंच. एकसुद्धा नाव नाही. तिकडे नर्सरीत दोन गाड्या ट्रे भरून उभ्या, ड्रायव्हर फोनवर विचारतोय कुठे जायचं, आणि माझ्यापुढे कोरा पडदा. मी सरांना हाक मारली. "चालत नाही" म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून म्हटलं, "सर, बघा काय म्हणतंय."

सरांनी चपला काढल्या, आत आले, बसले, मशीनचं नाव विचारलं, मोठ्याने वाचलं. खरं मशीन होतं. बुकिंग रिकामं होतं.

इंदूरला दोन मशीन होती. एक खरं आणि एक सरावाचं. नव्या माणसांनी चुका करायच्या त्या सरावाच्या मशीनवर. रोज सकाळी ऑफिस उघडायच्या आधी एक स्क्रिप्ट आपली आपण चालायची, सरावाच्या मशीनवरचं सगळं पुसायची आणि खऱ्यावरून ताजी नक्कल आणून भरायची. त्या आठवड्यात सर्व्हरवाल्या कंपनीने मशीन बदलली होती, आणि बदलताना ती सकाळची स्क्रिप्ट खऱ्या मशीनवरही उतरली होती. हे सरांना तासाभरात कळलं. पण एवढ्याने काही बिघडायला नको होतं. कारण स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सरांनी त्यांचा लाडका प्रश्न घालून ठेवला होता: तू कुठे आहेस? नाव सरावाचं नसेल तर तिथेच थांब, काही करू नकोस.

सरांनी पुसायची आज्ञा काढून टाकली आणि तीच स्क्रिप्ट खऱ्या मशीनवर हाताने चालवून बघितली. ती थांबली. परत चालवली. परत थांबली. प्रश्न विचारणारा पहारेकरी जागेवर होता.

तोवर शेठजी खाली आले होते. सरांनी आदल्या संध्याकाळची नक्कल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असायची, ती चढवायचं काम सुरू झालं होतं आणि दुपारपर्यंत बुकिंग परत येणार होतं. पण गाड्या उभ्या, फोन वाजत होते, आणि शेठजींना नाव हवं होतं. त्यांनी विचारलं, हे स्क्रिप्टने केलं की माणसाने? सर म्हणाले, "माझी स्क्रिप्ट असं करूच शकत नाही."

त्या वाक्याचा अर्थ काय होतो हे खोलीत सगळ्यांना कळलं. सर सोडून सर्व्हरवर जाणारं माणूस एकच होतं. वैशाली भिंतीला टेकून उभी होती. ती मराठी विसरूनच गेली. "सर, मैंने कुछ नहीं किया. मेरी बस ही लेट थी." शेठजी म्हणाले, "कल बात करेंगे," आणि वर गेले. त्यांनी "कल" म्हटलं की काय होतं हे आम्हाला माहीत होतं. आधीच्या स्टोअरवाल्यालाही "कल" म्हणूनच दुसऱ्या दिवशी काढलं होतं.

मला सरांचा तेव्हा फार राग आला. एवढा हुशार माणूस आणि एका वाक्यात पोरीचा जीव घेतला, असं वाटलं. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सर लवकर आले होते. मी पोचले तेव्हा खुर्चीत बसून स्वतःशीच मोठ्याने बोलत होते, "मी चालवतो तेव्हा थांबते. ती आपली आपण चालते तेव्हा कोणी बघितलंय?" कोणीच बघितलं नव्हतं. मग त्यांनी पुसायची आज्ञा काढलेली तीच स्क्रिप्ट सरावाच्या मशीनच्या जागी खऱ्यावर लावली आणि घड्याळाला सांगितलं की थोड्या वेळाने तूच चालव. आणि हात मांडीवर ठेवून बसले. आम्ही बघत होतो. वेळ झाली. स्क्रिप्ट चालली. थांबली नाही. पहारेकऱ्याच्या अंगावरून सरळ आत गेली.

मग सरांनी सर्व्हरवरची आपल्या नावाची टपालपेटी उघडली. मशीन आपलं आपण काम करतं तेव्हा काही अडलं तर त्या पेटीत निरोप टाकतं. पेटी भरून वाहत होती. कित्येक महिन्यांचे निरोप, रोज सकाळचा एक, सगळे सारखे. सरांनी एक मोठ्याने वाचला. त्यात मशीन म्हणत होतं की तुमच्या प्रश्नाची ही खूण मला ओळखता येत नाही.

मला समजावं म्हणून त्यांनी सांगितलं ते असं. स्क्रिप्टची पहिली ओळ मशीनला सांगते की पुढचं सगळं कोणत्या दुभाष्याकडून वाचून घे. पहिल्या ओळीत ते नसेल तर जो हाताशी असेल तो वाचतो. सर हाताने चालवायचे तेव्हा हाताशी मोठा दुभाषा असायचा, त्याला सगळ्या खुणा यायच्या. मशीन आपलं आपण चालवायचं तेव्हा हाताशी असायचा धाकटा. त्याला सरांच्या प्रश्नाची खूण कळायची नाही. तो "कळलं नाही" अशी तक्रार पेटीत टाकायचा, प्रश्न सोडून द्यायचा आणि पुढच्या आज्ञा मात्र इमानाने पाळायचा. सरावाच्या मशीनवर त्याने काही बिघडत नव्हतं. खऱ्यावर बिघडलं.

सरांनी फाइल परत उघडली, या वेळी अगदी वरून वाचायला. पहिल्या ओळीत श्री होतं. दुभाष्याची ओळ त्याखाली.

वैशाली दारातच उभी होती, चपला घातलेल्या, आत यावं की नाही हे न कळून. सरांनी खुर्ची वळवली. "हे श्री वर कोणी घेतलं?"

"मीच घेतलं, सर," ती म्हणाली. "फाइल साफ करू राहिली होती तेव्हा. श्री तर सगळ्यात वरच राहतं ना."

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. मला वाटलं आता ते खेकसणार. ते म्हणाले, "हाव. वरच राहतं." आणि चपला घालून शेठजींकडे जिना चढायला लागले. वैशालीला आणि मलाही मागे यायला सांगितलं.

वर जाताना मी हिशोब मांडत होते. सरांनी गप्प राहून ओळ खालीवर केली असती तर जिल्ह्यात कोणाला कळलं नसतं. किंवा खरं सांगितलं असतं, पण अर्धं, की ओळ वैशालीने हलवली, तर तेही खोटं नव्हतं. शेठजींना नाव हवं होतं आणि ते आयतं तयार होतं.

शेठजींनी विचारलं, "पता चला?"

सर उभेच राहिले. म्हणाले, "हाँ, पता चला. गलती मेरी है." मग मराठीवर आले, कारण पुढचं त्यांना शेठजींपेक्षा वैशालीला सांगायचं असावं. "काल मी म्हटलं माझी स्क्रिप्ट असं करू शकत नाही. ती करते. हिने एक ओळ हलवली, ते माझ्यामुळे. श्री लिहायचं हा नियम मी दिला. दुसऱ्या ओळीत काबरं, ते नाही सांगितलं. सांगितलं असतं तर हिने हात लावला नसता. आणि तरी मशीन रोज मला सांगत होतं. माझ्या नावावर निरोप येत होता. मी उघडला नाही, कारण माझ्या कामात अडत नाही असं मी धरून चाललो. कोणाला काढायचं असेल तर मला काढा."

शेठजींना अशा बोलण्याची सवय नव्हती. आमच्याकडे चूक नेहमी लाइटची असते, नाहीतर सुटीवर गेलेल्या माणसाची. त्यांनी जरा वेळ टेबलावरची काच पुसली आणि विचारलं की सगळी बुकिंगं आली का. आली, मी म्हटलं. गाड्या गेल्या? गेल्या. "तो फिर ठीक है," म्हणाले, आणि वैशालीला म्हणाले, "काम पे जाओ." ती जिन्यात रडली. सर पुढे निघून गेले होते, त्यांनी बघितलं नाही, किंवा बघितलं नाही असं केलं.

त्या दिवसापासून मात्र आमचे हाल सुरू झाले, कारण महाजन सर कारणं सांगायला लागले. प्रत्येक गोष्टीची. पूर्वी "नाव विचार" एवढ्यावर भागायचं, आता नाव का विचारायचं याच्यावर चहा निवून जायचा. मी एकदा सहज विचारलं की प्रिंटर दोनदा का छापतो, तर गाड्या सुटायची वेळ टळली तरी ते अजून प्रिंटरच्या आतच होते. आमच्यातल्या काहींना जुने सर बरे वाटायला लागले. वैशालीला नाही. ती आता मध्येच विचारायची, "पण काबरं, सर?" आणि सर खुर्ची ओढून तिच्याकडे वळवायचे. तिने स्क्रिप्टमध्ये श्री परत दुसऱ्या ओळीत नेलं, आणि तिसऱ्या ओळीत कारण लिहून ठेवलं, मराठीत. रोज आल्यावर आधी टपालपेटी उघडायचं काम तिने मागून घेतलं.

लागवडीचा हंगाम संपल्यावर शेठजींनी सरांना सांगितलं की आता रोज यायचा त्रास नका घेऊ, गरज पडली की बोलावू. चांगल्या शब्दांत सांगितलं, शाल दिली, मावा जिलेबी आणली. त्यामागे त्या दिवशीची कबुली होती हे सगळ्यांना कळत होतं, सरांना सगळ्यात आधी कळलं असणार. त्यांनी जिलेबी खाल्ली, वैशालीला सगळ्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, समजावून दिले, प्रत्येकाचं कारण सांगितलं, आणि गेले. पुढे गरज पडली नाही, कारण वैशाली होती.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. कसलं तरी प्रमाणपत्र हवं होतं म्हणून आले होते. वाळले होते, पण शर्टाला इस्त्री होती आणि खिशाला दोन पेनं. मी कागद दिला, चहा सांगते म्हटलं, ते म्हणाले, आधी जरा तिकडे डोकावतो. मी सोबत गेले.

कॉम्प्युटरच्या खोलीत वैशालीपुढे एक नवीन मुलगी बसली होती. दोघींची पाठ दाराकडे, त्यामुळे त्यांना आम्ही दिसत नव्हतो. वैशाली तिला सांगत होती की पहिल्या ओळीला हात लावायचा नाही आणि काबरं लावायचा नाही. दोन दुभाषे, मोठा आणि धाकटा, सगळं. सरांच्यापेक्षा कमी वेळात सांगितलं तिने, आणि मला सरांच्यापेक्षा जास्त कळलं. शेवटी म्हणाली, "माझ्याकडून झालं होतं हे. मी श्री वर नेलं आणि पूर्ण मेन मशीन रिकामं झालं. मेरी ही गलती थी. म्हणून सांगू राहिली तुला."

सर हळूच मला म्हणाले, "चुकीचं सांगतेय. चूक माझी होती."

"मग आत जा आणि सांगा," मी म्हटलं.

त्यांनी आत बघितलं. आत वैशालीने बोट वर धरलं होतं आणि ती नवी मुलगी एक एक अक्षर मोठ्याने वाचत होती. भिंतीपलीकडे लूम चालू होते.

"नको," ते म्हणाले. "तिचं चालू आहे. मध्ये तोडायचं नसतं."

मग ते पायाने जमिनीवर काहीतरी चाचपायला लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी आल्याबरोबर उंबऱ्याबाहेर चपला काढून ठेवल्या होत्या. त्यांनी त्या घातल्या, माझ्याकडे बघून मान हलवली आणि चहा न घेताच जिना उतरून गेले. पावसाळ्यात ते वारल्याचा फोन आला. तो वैशालीने घेतला.